व्हायरस गेला, पण अपडेट का होत नाही?

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-नागपूरहून, इंदूर-जबलपूरहून मुलंमुली बालाघाटला घरी येतात आणि दोन दिवसांत एक काम हमखास त्यांच्या पुढ्यात येतं. "अरे, तो कॉम्प्युटर जरा बघ ना, फार हळू चालतोय." घरातला हा संगणक बहुधा आठ-दहा वर्षांचा असतो. त्यात बाबांच्या पेन्शनचे स्कॅन केलेले कागद असतात, आईच्या मंडळाचा हिशेब असतो, ताईच्या लग्नाचे फोटो असतात आणि कुणाकुणाच्या परीक्षेचे फॉर्म असतात. घरातला पेन ड्राइव्ह प्रिंट काढायला कियोस्कवर जातो, तिथून येतो आणि पुन्हा याच संगणकाला लागतो.

तुम्ही अँटिव्हायरस चालवता. दहा-वीस व्हायरस सापडतात, निघतात. संगणक पळायला लागतो आणि घरात तुमचं कौतुक होतं. मग सहज म्हणून विंडोज अपडेट उघडता, तर तिथे लाल खूण आणि "पुन्हा प्रयत्न करा" एवढाच निरोप. दहा वेळा प्रयत्न केला तरी तेच. इथे बहुतेक जण म्हणतात, "चालतंय ना? मग राहू दे."

हा लेख त्या "राहू दे"बद्दल आहे. व्हायरस काढल्यावरही अपडेट बंद असेल, तर दुरुस्ती अर्धीच झाली आहे. अपडेट बंद पाडणं हा अनेक व्हायरसच्या कामाचाच भाग असतो. त्यामुळे अपडेट पुन्हा सुरू होऊन सगळं भरून येईपर्यंत संगणक बरा झाला असं धरू नये.

व्हायरसच्या यादीत पुण्याचं नाव

व्हायरस असं का करतो, हे समजायला २००८ सालातलं एक उदाहरण पुरेसं आहे. २३ ऑक्टोबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या छिद्रावर तातडीचं अपडेट काढलं. महिन्याभरात, नोव्हेंबरमध्ये, त्याच छिद्रातून शिरणारा 'कॉनफिकर' नावाचा वर्म पसरू लागला. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं त्यांचे लाखो संगणक त्याने जगभरात धरले. फ्रान्सच्या नौदलाचं जाळंही त्यातून सुटलं नाही. पुढच्या आवृत्तीत तो पेन ड्राइव्हमधूनही पसरायला लागला. पेन ड्राइव्ह लावला की आपोआप एक खिडकी उघडायची, तिच्यावर क्लिक केलं की काम झालं.

संगणकात शिरल्यावर कॉनफिकरने पहिल्यांदा काय केलं असेल? विंडोज अपडेटची सेवा बंद केली. अपडेट उतरवून घेणारी दुसरी सेवा बंद केली. मग स्वतःजवळ शब्दांची एक यादी ठेवली आणि त्यातला शब्द ज्या वेबसाइटच्या नावात असेल ती वेबसाइट उघडूच द्यायची नाही, असा बंदोबस्त केला. त्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट' होतं, 'विंडोजअपडेट' होतं, 'व्हायरस' हा शब्दही होता. आणि जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या नावांबरोबर 'क्विकहील' हे नावही होतं.

क्विक हील ही आपल्या पुण्याची कंपनी. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं काटकर कुटुंब पुण्यात आलं. थोरले कैलास काटकर शिक्षण अर्धवट सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि नंतर त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकले. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस दिसायचे, त्यातूनच नव्वदच्या दशकात त्यांचा अँटिव्हायरस तयार झाला. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. कोणता अँटिव्हायरस घ्यावा हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिलेलं नाही. व्हायरस लिहिणाऱ्याने आपल्याला कोण अडवू शकेल याचा किती बारकाईने विचार केला होता, हे त्या यादीवरून कळतं.

या यादीचाच उपयोग करून जाणकारांनी एक सोपी परीक्षा काढली होती. एकाच पानावर सुरक्षा कंपन्यांची आणि इतर काही चित्रं ठेवली. इतर चित्रं दिसली आणि सुरक्षा कंपन्यांची दिसली नाहीत, तर संगणकात कॉनफिकर आहे असं समजायचं. ही युक्ती आजही उपयोगी पडते. घरच्या संगणकावर बातम्या उघडतात, यूट्यूब चालतं, पण दोन-तीन अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्याच वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर दोष इंटरनेटचा नाही. संगणकात कोणीतरी अजून बसलेलं आहे, किंवा निघून जाताना कडी लावून गेलेलं आहे.

अपडेटशी व्हायरसचं वैर का, हे आता लक्षात येईल. अपडेट येतं तेव्हा ज्या छिद्रातून व्हायरस आला ते बुजतं. शिवाय २००५ पासून मायक्रोसॉफ्ट अपडेटबरोबर व्हायरस काढणारं एक छोटं साधनही पाठवते आणि ते गुपचूप संगणक तपासून जातं. पेन ड्राइव्हवरची ती आपोआप उघडणारी खिडकी जुन्या विंडोजमध्ये २०११ साली बंद झाली, तीही अपडेटमधूनच. ज्यांचं अपडेट बंद होतं त्यांना यातलं काहीच मिळालं नाही.

दोन महिन्यांचा उशीर

हे जुनं झालं असं वाटेल, म्हणून २०१७ ची गोष्ट. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने आणखी एका छिद्रावर अपडेट दिलं. १२ मे रोजी, म्हणजे जवळपास दोन महिन्यांनी, 'वॉनाक्राय' सुटला. त्याने लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम विस्कळीत झालं. मार्चचं अपडेट ज्यांनी घेतलं होतं, त्यांच्याकडे तो त्या छिद्रातून शिरू शकला नाही.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला आणि त्याची झळ थेट महाराष्ट्राला बसली. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या कंपनीकडे होतं. मर्स्कचं जगभरातलं जाळं कोसळलं, तसं हे टर्मिनलही अडलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नॉटपेट्या सुरुवातीला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता. पुढे त्याने ते जुनं छिद्र तर वापरलंच, शिवाय चोरलेले पासवर्डही वापरले. म्हणून अपडेट घेतलं की सगळं झालं असं नाही. फाइलींची दुसरी प्रत आणि नीट पासवर्ड या दोन्ही गोष्टी त्याच्या जोडीला लागतात. मात्र अपडेट नसेल तर बाकीच्या दोन्हींवर फार भार पडतो.

दुरुस्तीला बसण्याआधी

आता आपल्या घरच्या संगणकाकडे वळू. पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा, कारण क्रम चुकला तर केलेलं काम वाया जातं.

पहिलं म्हणजे इंटरनेट तोडा. वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा. तपासणी होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचा व्यवहार नको, ई-मेल नको.

दुसरं, तुमच्या मोबाइलवरून किंवा दुसऱ्या चांगल्या संगणकावरून पासवर्ड बदला. आधी ई-मेलचा बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच ई-मेलवरून पुन्हा मिळवता येतात. मग बँकेचा. खात्यातून पैसे गेल्याची शंका असेल तर थांबू नका. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. अशा वेळी पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

तिसरं, फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. प्रोग्रॅमच्या फाइली, कुठून तरी आणलेली सेटअपं, क्रॅक यातलं काही घेऊ नका. व्हायरस बहुधा त्यांच्यातच असतो. प्रत काढून झाली की डिस्क सुटी करून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क ही सुरक्षित प्रत नव्हे, कारण संगणकाबरोबर तीही कुलूपबंद होऊ शकते.

चौथं, सफाई पूर्ण करा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर असतोच. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा, 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधी 'फुल स्कॅन' करा आणि मग 'ऑफलाइन स्कॅन' करा. ऑफलाइन स्कॅनमध्ये संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या व्हायरसला पळायला जागा राहत नाही. दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्टचं 'सेफ्टी स्कॅनर' फुकट मिळतं. ते उतरवल्यापासून दहाच दिवस चालतं, म्हणून दर वेळी नवं घ्यावं लागतं. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. तिथेही सफाईची साधनं विनामूल्य मिळतात आणि ती देणाऱ्यांत क्विक हीलही आहे. बिघडलेल्या संगणकावर या वेबसाइट उघडत नसतील, तर साधनं दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर आणा आणि काम झाल्यावर तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

आधी साधी कारणं तपासा

सफाई झाली. आता इंटरनेट जोडा आणि अपडेट तपासा. ते अडलं, तर लगेच व्हायरसवर आळ घेऊ नका. जुन्या संगणकांत तीन साधी कारणं वारंवार सापडतात.

पहिलं कारण तारखेचं. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की लाईट गेल्यावर संगणकाचं घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात जातं. मग मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि अपडेट नाकारलं जातं. तारीख नीट करा आणि बॅटरी बदलून घ्या. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि खर्च किरकोळ असतो.

दुसरं कारण जागेचं. सी ड्राइव्ह तांबडा झाला असेल तर अपडेट उतरणार कुठे? रिसायकल बिन रिकामा करा, 'डाउनलोड्स'मधलं जुनं काढा, लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा. वीसेक जीबी मोकळं असलं की काम निर्धास्त होतं.

तिसरं कारण डेटाचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरांत कोणीतरी कधीतरी ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवलेलं असतं. डेटा वाचावा म्हणून विंडोज मग बहुतेक अपडेट थांबवून ठेवतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ही खूण काढता येते. मोठं अपडेट काही जीबींचं असतं, तेव्हा ते फायबर असलेल्या नातेवाइकाकडे बसून केलं तरी चालेल.

अडलेल्या अपडेटखाली आकड्यांचा एक कोड दिसतो. तो कागदावर लिहून घ्या, कारण तो नेमकी जागा दाखवतो. तीन कोड ओळखून ठेवण्यासारखे आहेत. शेवट '७०४२२' असेल तर अपडेटची एखादी सेवा बंद केलेली आहे. शेवट '४४०२सी' असेल तर संगणकाला मायक्रोसॉफ्टचा पत्ताच सापडत नाही. शेवट '२एफ८एफ' असेल तर आधी तारीख आणि वेळ बघा.

लावलेली कडी काढायची कशी

साधी कारणं नसतील, तर व्हायरसने मागे ठेवलेल्या अडथळ्यांकडे वळा. पत्ता सापडत नसेल तर तीन ठिकाणं बघायची.

'होस्ट्स' नावाची एक फाइल असते. सी ड्राइव्ह, मग विंडोज, मग सिस्टम ३२, मग ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी, असा तिचा रस्ता आहे. नोटपॅडवर उजवं क्लिक करून ते 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा आणि त्यातून ही फाइल उघडा. नव्या विंडोजमध्ये या फाइलीतल्या सगळ्या ओळी हॅशच्या खुणेने सुरू होतात, म्हणजे त्या नुसत्या टिपा असतात. हॅश नसलेल्या ओळीत मायक्रोसॉफ्टचं किंवा अँटिव्हायरस कंपनीचं नाव दिसलं, तर ती ओळ काढून फाइल सेव्ह करा.

दुसरं ठिकाण प्रॉक्सीचं. सेटिंग, नेटवर्क, प्रॉक्सी असं जा. घरच्या संगणकाला प्रॉक्सी सर्व्हर लागत नाही. तिथे काही भरलेलं असेल तर बंद करा.

तिसरं ठिकाण डीएनएसचं. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी टेलिफोन डिरेक्टरी. 'डीएनएसचेंजर' नावाचा व्हायरस ही डिरेक्टरीच बदलून चोरांची ठेवत असे, आणि अँटिव्हायरस व विंडोजची अपडेट्सही अडवत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती टोळी पकडली. पण बाधित संगणकांचं इंटरनेट एकदम बंद पडू नये म्हणून त्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर २०१२ च्या ९ जुलैपर्यंत चालू ठेवावे लागले. म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस 'आपोआप'वर आहे ना ते बघा. राउटरचा पासवर्ड अजून खोक्यावर छापलेलाच असेल तर तोही बदला. राउटरमधला डीएनएस बदलला गेला, तर घरातले सगळे मोबाइलही त्याच वाटेने जातात.

सेवा बंद असल्याचा कोड आला, तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' असं टाइप करा. लांबलचक यादी उघडेल. तिच्यात 'विंडोज अपडेट', 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' आणि 'क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस' ही तीन नावं शोधा. पहिली अपडेट शोधते, दुसरी ते सावकाश उतरवते, तिसरी ते खरोखर मायक्रोसॉफ्टचंच आहे ना याची सही तपासते. यातल्या कुणापुढेही 'डिसेबल्ड' असेल तर तिथेच अडलं आहे. पहिल्या दोन 'मॅन्युअल' आणि तिसरी 'ऑटोमॅटिक' करून तिन्ही सुरू करा. संगणक बंद-चालू केल्यावर ही नावं पुन्हा 'डिसेबल्ड' झाली, तर समजा की सफाई झालेली नाही. कोणीतरी आत बसून कडी परत लावतो आहे. मागे जाऊन ऑफलाइन स्कॅन पुन्हा करा.

सेवा चालू आहेत, पत्ता सापडतो, तरी अपडेट अर्ध्यात मोडतं, असं असेल तर उतरवलेला साठाच खराब झालेला असतो. पहिल्या दोन सेवा थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' या फोल्डरचं नाव बदलून शेवटी 'जुने' अर्थाचा काहीतरी शब्द जोडा आणि सेवा पुन्हा सुरू करा. विंडोज नवं फोल्डर करून घेतं आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करतं. यात तुमच्या कुठल्याही फाइली जात नाहीत.

मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करायच्या. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. आधी डीआयएसएम ही आज्ञा द्यायची. तिच्यापुढे ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द येतात आणि प्रत्येकाच्या आधी जागा सोडून तिरपी रेघ द्यायची. ती पूर्ण झाली की एसएफसी, जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. पहिली आज्ञा चांगल्या फाइलींचा साठा दुरुस्त करते, दुसरी त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलते. पहिली आज्ञा लागणाऱ्या फाइली विंडोज अपडेटकडूनच मागवते, म्हणून वरची कडी काढल्याशिवाय ती चालवून फायदा नाही. टक्केवारी मधेच बराच वेळ थांबते, तेव्हा घाबरून बंद करू नका. आणि पावसाळ्यात हे काम इन्व्हर्टरशिवाय करू नका. अर्ध्यात लाईट गेली तर नवं दुखणं लागायचं.

फॉरमॅट कधी करायचा

इतकं करूनही जमलं नाही, तर विंडोजवर विंडोज बसवायचा मार्ग आहे. विंडोज ११ च्या 'रिकव्हरी'मध्ये 'विंडोज अपडेट वापरून अडचणी दूर करा' अशा अर्थाचा पर्याय दिसतो. किंवा मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन, 'फाइली आणि प्रोग्रॅम ठेवा' हे निवडून पुन्हा बसवता येतं. घरच्या फाइली जागच्या जागी राहतात.

मात्र तीन वेळा कंजुषी न करता सरळ फॉरमॅट मारावा. एक, काढलेला व्हायरस पुन्हा पुन्हा परत येत असेल. दोन, त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील आणि पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला असेल. तीन, आपण न बनवलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं दिसत असेल. अशा वेळी जुनी पार्टिशनं काढून कोरं विंडोज बसवणं हाच खात्रीचा उपाय. आधी काढलेली फोटोंची प्रत इथे कामी येते.

फॉरमॅट दुकानातून करून घेणार असाल तर एक प्रश्न आधीच विचारा. "विंडोज ओरिजिनल टाकणार ना?" फुकट विंडोज मारून देताना ते चालू करायला जो 'अ‍ॅक्टिव्हेटर' वापरतात, तो बसवण्यासाठी आधी डिफेंडर बंद करायला लागतो. अशा साधनांतूनच व्हायरस येतात. वर काही जण अपडेटही मुद्दाम बंद करून देतात. अपडेटच्या पानावर 'काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची ओळ घरच्या संगणकावर दिसली, तर पुष्कळदा अशाच एखाद्या टूलचा हात असतो. आपल्या ब्रँडेड लॅपटॉपबरोबर विंडोज विकत आलेलंच असतं. त्याचा परवाना मशीनमध्येच नोंदलेला असतो आणि पुन्हा बसवल्यावर तो आपोआप ओळखला जातो. अशा लॅपटॉपवर चोरीचं विंडोज मारून घेण्याचं काहीच कारण नाही.

विंडोज १० चं काय?

काही घरांत दुरुस्ती करूनही नवीन अपडेट येत नाही, कारण येणारंच थांबलं आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. संगणक चालतो, पण नव्या छिद्रांवर फुकटचा इलाज मिळत नाही. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय जाहीर केली. तिची नोंदणी अपडेटच्याच पानावरून होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. असा संगणक टाकून द्यायची गरज नाही. त्याला लिनक्स बसवता येतं. किंवा इंटरनेट काढून तो जुने फोटो बघायला आणि टायपिंगला ठेवता येतो. फक्त बँकेचं काम त्यावर करू नये.

आईबाबांशी बोलताना

संगणक बरा करून तुम्ही परत जाल, पण तो वापरणार घरचेच. म्हणून जाण्याआधी थोडं बसून तीन गोष्टी समजावून सांगा. एक, खरं अपडेट फक्त विंडोजच्या सेटिंगमध्येच असतं. इंटरनेटवरचं एखादं पान ओरडून सांगत असेल की 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, अपडेट करा, या नंबरवर फोन करा', तर ते पान बंद करायचं आणि फोन तुम्हाला करायचा. दोन, रोजच्या वापरासाठी साधं खातं बनवून द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड वेगळा ठेवा. मग काही बसवायचं झालं की तो पासवर्ड मागितला जाईल आणि तेवढ्यात विचार करायला वेळ मिळेल. तीन, कियोस्कवर जाणारा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा. त्यात प्रिंटपुरत्याच फाइली असाव्यात आणि परत आल्यावर आधी स्कॅन व्हावा.

मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. ती आपल्याकडे रात्री येतात, म्हणजे संगणक चालू केल्यावर ती बुधवारी दिसतात. त्या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा आईला अपडेटचं पान उघडायला सांगा आणि 'शेवटची तपासणी' म्हणून जी तारीख तिथे असते ती वाचून दाखवायला सांगा. त्याच दिवसाची किंवा आदल्या दिवसाची तारीख असेल, तर बाकीच्या गप्पा निवांत होऊ द्या. महिन्यापूर्वीची असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता लगेच खालचा कोड विचारून घ्या.